वासराच्या सीरमऐवजी प्लेटलेट लायसेट: आपल्या लॅबमध्ये कसं करायचं

नाळेतून काढलेल्या मेसेनकायमल स्टेम सेल (हाड, चरबी, कूर्चा बनू शकणाऱ्या पेशी) वाढवायच्या म्हणजे मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, दहा टक्के एफबीएस (गर्भातल्या वासराचं सीरम), असंच सगळीकडे शिकवतात. ते येतं कुठून, हेही सांगायला हवं. कत्तलखान्यात गाभण गाय कापल्यावर पोटातल्या वासराच्या हृदयातून रक्त काढतात, त्याचं ते सीरम. मला ते वापरवत नाही. शिवाय पेशी रुग्णाला द्यायच्या असल्या तर गाईची प्रथिनंही त्यांच्यासोबत जातात. या पेशींसाठी मला सगळ्यात भरवशाचा वाटलेला पर्याय म्हणजे मानवी प्लेटलेट लायसेट, म्हणजे माणसाच्या रक्तातल्या प्लेटलेट फोडून काढलेला अर्क.

रक्तपेढीत प्लेटलेट 20 ते 24 अंशांवर सतत हलत्या ठेवतात. पाच दिवसांत वापरल्या नाहीत तर पिशवी बाद होते. आपल्याला तीच हवी असते. आधी एथिक्स कमिटीची परवानगी घ्या. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या सगळ्या चाचण्या निगेटिव्ह असलेलीच पिशवी घ्या. जंतूंची तपासणी मात्र आपण पुन्हा करायचीच, कारण पिशवी इतके दिवस गार न करता ठेवलेली असते.

पिशवी उणे 80 अंशांवर रात्रभर गोठवा, 37 अंशांच्या वॉटर बाथमध्ये वितळवा. असं तीनदा. प्लेटलेट फुटून पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा वगैरे वाढीचे घटक बाहेर येतात. थंडीत प्लास्टिक ठिसूळ होऊन नळीच्या तोंडाशी तडा जातो, म्हणून बाहेरून दुसरी पिशवी घालाच. मग जमतील तितक्या दात्यांचं एकत्र करा. एकट्यादुकट्या दात्याच्या लायसेटवर दर बॅचला पेशी वेगळ्या वागतात. सेंट्रिफ्यूजमध्ये 4 अंशांवर 4000 जी वेगाने अर्धा तास फिरवा, वरचा पिवळसर भाग छोट्या ट्यूबमध्ये भरून उणे 80 ला ठेवा.

आता हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. लायसेटमध्ये फायब्रिनोजेन (गुठळी बनवणारं प्रथिन) उरलेलं असतं आणि मीडियात कॅल्शियम असतं. दोन्ही भेटले की फ्लास्कमध्ये सगळं दह्यासारखं थिजतं आणि पेशी त्यात अडकतात. म्हणून मीडियात आधी हेपारिन, नीट ढवळून मगच लायसेट; हा क्रम कधीही उलटा नको. दर मिलिलिटरला 2 युनिट, म्हणजे 500 मिलिलिटरला 1000 युनिट. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलंच घ्या. लायसेट पाच टक्के पुरतं.

हेपारिन डुकराच्या आतड्यातून काढतात. प्राणिज काहीच नको असेल, तर लायसेटमध्ये कॅल्शियम क्लोराइड घालून गुठळी आधीच होऊ द्या आणि ती काढून टाका. पेशी फ्लास्कच्या तळापासून सोडवायला वापरतात ते नेहमीचं ट्रिप्सिनही डुकराचंच असतं. त्याऐवजी रिकॉम्बिनंट एन्झाइम मिळतं.

नव्या मीडियात पेशी बारीक, लांबट दिसतील आणि भराभर वाढतील. घाबरू नका, पण फ्लास्कचा तळ पेशींनी 70-80 टक्के भरला की लगेच पॅसेज करा, म्हणजे पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये वाटा. लायसेटवरच्या पेशी लवकर सुटतात, तेव्हा एन्झाइम घातल्यावर मायक्रोस्कोपपासून हलू नका. पेशींवरच्या सीडी73, सीडी90, सीडी105 या ओळखखुणा तपासा, हाड-चरबी-कूर्चा होतात का तेही पाहा.

आयपीएस पेशींना (साध्या पेशींपासून बनवलेल्या, कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या स्टेम सेल) मात्र हे लायसेट घालू नका. त्यांच्यासाठी सीरम नसलेलं ई8 नावाचं मीडिया आणि खाली व्हिट्रोनेक्टिन या पेशी चिकटवणाऱ्या प्रथिनाचा थर वापरा.