मालसचा नियम घरी मोजायचा तर

दोन पोलरॉइड (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या फिल्म) एकमेकांशी काटकोनात धरले की अंधार होतो, एवढं बारावीचं भौतिकशास्त्र शिकलेल्या बहुतेकांना आठवतं. पण मधल्या कोनांना किती प्रकाश पलीकडे जातो? मालसचा नियम सांगतो की तीव्रता दोन फिल्ममधल्या कोनाच्या कॉसच्या (कोसाइनच्या) वर्गाच्या प्रमाणात बदलते. हे घरी एका संध्याकाळी मोजता येतं आणि नीट मोजलं तर आकडे सुरेख जुळतात. प्रयोग फसतो तो बहुधा तीन कारणांनी: फिल्म चुकीची, दिवा चुकीचा किंवा शून्य अंशाची खूण चुकीची.

फिल्म

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, टीव्ही आणि मोबाइलच्या डिस्प्लेचे सुटे भाग मिळतात तिथे पोलरायझर फिल्म मागा. साधारण ५ सेंमी × ५ सेंमीचे तीन तुकडे पुरतात. मागून चंदेरी थर असलेली फिल्म घेऊ नका, तिच्यातून प्रकाश आरपार जात नाही. दुकानातच दोन तुकडे एकावर एक धरून एक फिरवून पाहा. एका स्थितीत जवळपास काळोख व्हायला हवा. मग एक तुकडा उलटा करून पुन्हा पाहा. उलटल्यावर काळोख व्हायचं थांबलं, तर ती वर्तुळाकार ध्रुवणाची फिल्म आहे (ध्रुवण म्हणजे प्रकाशाचं कंपन ठरावीक प्रकारेच होणं). काही थ्रीडी चष्म्यांत तशीच असते. या प्रयोगाला ती चालणार नाही.

फिल्मच्या दोन्ही बाजूंना पातळ संरक्षक पापुद्रा असतो, तो सोलून काढा. तसाच राहिला तर कडेला रंग दिसतात आणि काळोख पुरा होत नाही, कारण ताणलेलं प्लॅस्टिक स्वतःच ध्रुवणाची दिशा बदलतं. एक बाजू चिकट असेल तर फिल्म फोटोफ्रेमच्या काचेच्या तुकड्यावर चिकटवा. अ‍ॅक्रिलिकवर नको, कारण तेच.

आता अक्ष शोधा, म्हणजे फिल्म ज्या दिशेतलं कंपन सोडते ती दिशा. फिल्मच्या कडेवर विसंबू नका. अक्ष कडेला समांतर असेल किंवा ४५ अंशांत तिरका असेल. गुळगुळीत फरशीवर पडलेली खिडकीची चकाकी तिरकस पाहा, डोळ्यासमोर फिल्म धरा आणि सावकाश फिरवा. चकाकी सर्वांत फिकी होते तेव्हा फिल्मचा अक्ष उभा असतो, कारण फरशीवरून परावर्तित झालेला प्रकाश मुख्यतः आडव्या दिशेत ध्रुवित असतो. मार्करने बाण काढा. १८०८ साली पॅरिसमध्ये एत्येन-लुई मालसला हा धागा सापडला तोही असाच. लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडकीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश तो कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहत होता. स्फटिक फिरवला की त्यातून दिसणाऱ्या दोन प्रतिमांची तेजस्विता बदलत होती.

मापन

बुटांचा रिकामा खोका घ्या आणि आतून काळा कागद लावा. एका टोकाला पांढरा एलईडी दिवा, दुसऱ्या टोकाला छोटा सोलर सेल, मध्ये दोन फिल्म. पहिली फिल्म कार्डबोर्डच्या चौकटीत पक्की करा. दुसरी एका गोल चकतीवर लावा आणि चकतीवर कंपासपेटीतल्या कोनमापकाने दर १५ अंशांवर खुणा करा. चकती फिरताना डळमळली तर सगळी मेहनत वाया जाईल, म्हणून ती घट्ट खाचेत बसवा.

सोलर सेल मल्टिमीटरला थेट जोडा आणि प्रवाह मोजा, व्होल्टेज नको. सेलचा प्रवाह प्रकाशाच्या सरळ प्रमाणात वाढतो, व्होल्टेज मात्र थोड्याच प्रकाशात चढतं आणि मग जवळपास तिथेच राहतं. एलडीआर (उजेडानुसार रोध बदलणारा सुटा भाग) वापरायचा मोह टाळा, त्याचा रोध प्रकाशाच्या सरळ प्रमाणात बदलत नाही. मीटरची रेंज आधी २० मिलिअँपिअर ठेवा. आकडा लहान असेल तर खालची रेंज घ्या, पण एकदा ठरवली की मध्येच बदलू नका. एकच सेल मिळाला तर उत्तम. अनेक पट्ट्यांचं पॅनेल असेल तर उजेड सगळ्या पट्ट्यांवर सारखा पडू द्या, कारण एक पट्टी सावलीत गेली की पूर्ण पॅनेलचा प्रवाह घसरतो.

दिवा एलईडीच का, हे महत्त्वाचं आहे. साधा पिवळा बल्ब आणि सूर्यप्रकाश यांत अवरक्त किरण भरपूर असतात. या फिल्म दृश्य प्रकाश अडवतात, पण अवरक्त किरण त्यांच्यातून बरेचसे तसेच निसटतात, आणि सिलिकॉनचा सेल तेही मोजतो. डोळ्यांना अंधार दिसतो, मीटर मात्र मोठा आकडा दाखवतो. लेझर पॉइंटरचा प्रकाश आधीच ध्रुवित असतो, त्यामुळे पहिली फिल्म फिरवली तरी आकडा बदलतो. एलईडी चालू करून दहा मिनिटं थांबा, तापेपर्यंत त्याचा उजेड किंचित उतरत असतो.

शून्य अंश, म्हणजे दोन्ही फिल्मचे अक्ष समांतर असलेली स्थिती, शोधताना बहुतेकजण सर्वाधिक आकडा शोधतात. तिथे वक्र सपाट असतो, ३ अंश इकडेतिकडे झाले तरी आकडा ०.३ टक्काच बदलतो. म्हणजे खूण कुठे करायची ते कळतच नाही. पण ४५ अंशांजवळ त्याच ३ अंशांनी आकड्यात सुमारे १० टक्के फरक पडतो. म्हणून अंदाजाने ठरवलेल्या शून्याच्या दोन्ही बाजूंना, ४५ अंशांच्या आसपास, मीटर सारखाच आकडा दाखवेल असे दोन कोन शोधा. त्यांचा मध्य म्हणजे खरा शून्य. या एका कामाला पंधरा मिनिटं द्या.

मग दर १५ अंशांना आकडा लिहा. दिवा बंद करून येणारा आकडा प्रत्येक वाचनातून वजा करा. शेजारच्या खिडकीतली ट्यूबलाइटही खोक्याच्या फटीतून आत शिरते. शून्य अंशाला १ धरलं तर १५ अंशांना ०.९३, ३० ला ०.७५, ४५ ला ०.५०, ६० ला ०.२५, ७५ ला ०.०७ आणि ९० ला शून्य अपेक्षित आहे. समजा शून्याला १.६० मिलिअँपिअर आले, तर ६० अंशांना ०.४० यायला हवेत. नुसता कॉस लागू असता तर तिथे ०.८० आले असते. फिल्म विद्युत क्षेत्राचा आपल्या अक्षावरचा घटक तेवढा सोडते, म्हणून आयाम (कंपनाचा सर्वाधिक पल्ला) कॉसने घटतो. तीव्रता आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून वर्ग.

आता दोन फिल्म काटकोनात ठेवा आणि त्यांच्या मधे तिसरी ४५ अंशांत सरकवा. अंधारात उजेड परततो! पहिल्या फिल्ममधून आलेल्या प्रकाशाचा निम्मा मधली सोडते, त्याचा निम्मा शेवटची. म्हणजे एक चतुर्थांश. प्रत्यक्षात थोडा कमीच येतो, कारण प्रत्येक फिल्म अक्षाच्या दिशेतलाही काही प्रकाश शोषते.

काम झालं की फिल्म सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद पिशवीत ठेवा. मुंबईच्या पावसाळी दमटपणात आयोडीनची फिल्म कडेपासून फिकी पडत जाते.

समुद्रावर

एक तुकडा खिशात टाकून मरीन ड्राइव्हला जा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्यामुळे ब्रूस्टरचा कोन, म्हणजे परावर्तित प्रकाश पूर्ण ध्रुवित होतो तो कोन, साधारण ५३ अंश. तो स्तंभिकेपासून (पाण्याच्या पृष्ठभागावरच्या लंबापासून) मोजतात, म्हणून सूर्य क्षितिजापासून ३७ अंशांवर हवा. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंशांची असते, म्हणजे चार मुठींना जरा कमी. मुंबईत ही वेळ डिसेंबरच्या मध्यात पावणेतीनच्या आसपास येते आणि मार्चच्या विषुवदिनाच्या सुमारास चारच्या थोडी पुढे. सूर्याकडे थेट पाहू नका, काटकोनात धरलेल्या दोन फिल्ममधूनही नाही. अवरक्त किरण त्यातून पार होतात. पाठ सूर्याकडे नको, तोंड चमकत्या पाण्याकडे असू द्या. अक्ष उभा धरला की चमक ओसरते आणि पाण्याचा खरा हिरवट-मातकट रंग वर येतो. लाटांचे उतार वेगवेगळे असल्याने चमक पूर्ण जात नाही, वारा पडलेला असताना जास्त जाते. सूर्य क्षितिजाला टेकत आला की फिल्म कशीही फिरवा, पूर्वीइतका फरक पडत नाही, कारण ५३ अंशांचा कोन तोवर कधीच मागे पडलेला असतो.