मोठ्या संख्येचे अवयव पाडताना या चुका टाळा

“सर, सात, अकरा, तेरा, कशानंच जात नाही. मूळ संख्याच आहे.” नागपुरात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना गणित शिकवताना हे वाक्य प्रत्येक बॅचमध्ये ऐकू येतं. तेव्हा मी फळ्यावर ४४००१७ लिहितो. आपल्याच शहराचा पिनकोड. २ पासून २३ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने याला पूर्ण भाग जात नाही. तेरावर पेन खाली ठेवणारा इथेच फसतो, कारण पुढचाच २९ लागू पडतो: २९ × १५१७३.

आता जीपीओचा, म्हणजे शहराच्या मुख्य टपाल कार्यालयाचा, ४४०००१ घ्या. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने पूर्ण भाग जातो आणि भागाकार ४८८८९ येतो. ही संख्या खरोखर मूळ आहे, पण तेराला थांबून तसं म्हणणाऱ्याला मी गुण देत नाही. तिचं वर्गमूळ २२१ च्या जरासं पुढे आहे. दोन्ही अवयव त्याहून मोठे असते, तर गुणाकार ४८८८९ च्या वर गेला असता. म्हणून २११ पर्यंतच्या सगळ्या ४७ मूळ संख्या तपासाव्याच लागतात. कंटाळवाणं आहे, मान्य. पण ज्याला एवढा धीर नाही त्याने ‘मूळ’ हा शब्द वापरू नये. मी भागाकार सुरू करण्याआधीच वर्गमूळ समासात लिहून त्याला चौकट करतो, आणि तिथवर पोचल्याशिवाय निकाल देत नाही.

४ ने जाते, ६ ने जाते, म्हणून २४ ने जाणारच, हेही नको. ४४०००४ करून बघा, बाकी १२ उरते.

सगळ्यात जास्त चीड मला स्क्रीनवरच्या आंधळ्या विश्वासाची येते. एका मुलाला सतरा वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचे अवयव काढायला दिले होते. त्याने ती एक्सेलमध्ये टाकली आणि पाच मिनिटांत हात वर: “सर, हे त शंभरनं जाते!” शेवटचा अंक १ असलेली संख्या शंभरने? लॅपटॉप पाहिला, तर सेलमध्ये शेवटचे दोन अंक ०० झाले होते. एक्सेल संख्येचे पहिले पंधराच अंक जपतं, पुढच्यांच्या जागी शून्य बसवतं. त्याने त्या शून्यांवरून पानभर अवयव पाडले होते, सगळे नेटके आणि सगळे चूक. खरे अवयव २०७१७२३ आणि ५३६३२२२३५७.

सेल आधी ‘टेक्स्ट’ केला तर अंक शाबूत राहतात, पण तेवढ्याने भागाकार होत नाही. मी अशा संख्या पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत घेतो, तिथे पूर्णांक कितीही लांब चालतो. फक्त भागाकाराला एकच तिरकी रेघ दिलीत की उत्तर दशांशात येतं आणि मागचे अंक पुन्हा गळतात. दोन रेघा द्या, बाकी टक्केवारीच्या चिन्हाने काढा.

विभाजक मोजताना १ आणि ती संख्या स्वतः, दोन्ही धरा. ४४०००१ = ३² × ४८८८९, घातांकांत एकेक मिळवून गुणा: ३ × २ = ६. यादीत पाचच आले, तर बहुतेक वेळा १४६६६७ राहिलेला असतो.