कार्बन साठवण प्रकल्प गावासमोर मांडताना या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्यात कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीत साठवायचा पहिला प्रस्ताव आलाच, तर तो बहुधा साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून, म्हणजे इथेनॉल बनवणाऱ्या विभागातून येईल. फताटेवाडीच्या 1320 मेगावॅटच्या वीज केंद्रासारख्या कोळशाच्या धुरात हा वायू जेमतेम 12 ते 14 टक्के असतो आणि तो वेगळा काढण्यातच पैसा जातो. इथेनॉलच्या फर्मेंटेशन टाकीतून मात्र तो जवळजवळ शुद्धच निघतो, लिटरमागे साधारण पाऊण किलो. रोज 60 हजार लिटर इथेनॉल म्हणजे रोज 45 टन वायू. हा वायू ज्यात खनिज होऊन बसू शकतो तो बेसाल्ट, आपला काळा पाषाण, पायाखाली आहेच. कागदावर सगळं जुळतं. घोडं अडतं ते गावात, आणि कारणं ठरलेली असतात.

जनसुनावणीलाच पहिली भेट समजणं

पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांची जनसुनावणी 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रांत सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो, चित्रीकरण होतं. कोरमची, म्हणजे किमान हजेरीची, अट नाही. त्यामुळे रिकाम्या मंडपातही सुनावणी ‘पार पडते’ आणि कंपनीला वाटतं, झालं काम. खरं तर तिथंच काम बिघडतं, कारण तोवर जागा, खोली, पाइपलाइनचा मार्ग सगळं ठरलेलं असतं आणि गावाला ‘नको’ म्हणण्यापलीकडे काही उरत नाही.

नेदरलँड्समधल्या बारेंड्रेख्त गावाखालच्या रिकाम्या गॅसक्षेत्रात साठवण करायचा शेलचा प्रकल्प स्थानिक विरोध आणि त्यातून झालेला उशीर यांमुळे नोव्हेंबर 2010 मध्ये सरकारनं रद्द केला. याउलट जर्मनीत केट्झिनला 2008 ते 2013 दरम्यान सुमारे 67 हजार टन वायू जमिनीत गेला आणि फारशी बोंब झाली नाही. तो छोटा संशोधन प्रकल्प होता हे खरं, पण जागेवरच माहिती केंद्र होतं आणि कुणीही जाऊन बघू शकत होतं.

निदान दोन गोष्टी गावासाठी खुल्या ठेवा: पाइपलाइन की टँकर, आणि तपासणीच्या विहिरी कुठं. एवढंही खुलं नसेल, तर तुम्ही चर्चेला नव्हे, निरोप द्यायला आला आहात, आणि ते लोकांना पाच मिनिटांत कळतं.

पाण्याचा आकडा मागे ठेवणं

सगळ्यात जास्त अंगाशी येणारी चूक हीच. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पात 2012 मध्ये वायू पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला आणि दोन वर्षांच्या आत त्यातला 95 टक्क्यांहून जास्त भाग खनिजात बदलला. हे वाक्य प्रत्येक सादरीकरणात असतं. टनामागे सुमारे 25 टन पाणी लागतं, हे नसतं. आपल्या 45 टनांच्या डिस्टिलरीला ही पद्धत लावली तर रोज सव्वाअकरा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभरावर टँकर. उजनीच्या पाण्यावरून जिथं दरवर्षी मोर्चे निघतात, तिथं हा आकडा दुसऱ्या कुणी फोडला तर प्रकल्प त्याच दिवशी संपला.

म्हणून आकडा स्वतः आधी सांगा, मग पर्याय मांडा. पाणी पिण्याजोगं असण्याची गरज नाही. त्याच थरातलं पाणी वर काढून फिरवून वापरता येतं. अमेरिकेत वॉलुला इथं 2013 मध्ये बेसाल्टमध्ये सुमारे 1000 टन वायू पाण्याशिवाय, दाबाखाली थेट सोडला गेला. त्यासाठी मात्र साधारण 800 मीटर, म्हणजे 2600 फूट खोली आणि वर पक्का बंद थर हवा. आपल्याकडे बेसाल्टची जाडी पूर्वेला कमी होत जाते, किल्लारीच्या संशोधन बोअरमध्ये तो साधारण 340 मीटरवर संपला. तेव्हा ‘दख्खनभर काळा पाषाण आहे’ हे पुरेसं उत्तर नाही. आणि नकाशावर खोली फुटांत लिहा. इथं बोअर फुटांतच बोलला जातो, आणि आपला बोअर चित्रात कुठं संपतो हेच प्रत्येक जण आधी शोधतो.

आधीची नोंद न घेता ड्रिलिंग सुरू करणं

काम सुरू झाल्यावर कुणाचा तरी बोअर आटणार, कुणाचं पाणी मचूळ होणार. प्रकल्प नसता तरी झालं असतं, पण आधीचा कागद नसेल तर ते सिद्ध कसं करणार? कॅनडात वेबर्न तेलक्षेत्रात हा वायू जमिनीत सोडला जात होता. जवळच्या एका शेतकरी कुटुंबानं 2011 मध्ये आपल्या शेतात वायू झिरपतो असा दावा केला. तो मातीतल्या नैसर्गिक श्वसनाचा आहे हे समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या) तपासणीतून पुढं आलं, पण तोवर बातमी जगभर गेली होती.

तपासणी अशी करा. इंजेक्शन विहिरीभोवती, म्हणजे जिथून वायू खाली सोडायचा त्या विहिरीभोवती, किमान दोन-तीन किलोमीटरमधल्या सगळ्या विहिरी आणि बोअर गट नंबरसह नोंदवा. वर्षातून चार वेळा मोजा: जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपल्यावर. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी याच सुमारास मोजल्या जातात, त्यामुळे तुमचे आकडे त्यांच्याशी ताडून बघता येतात. एकाच फेरीवर भागवू नका. मे आणि ऑक्टोबरचं पाणी एकाच विहिरीत वेगळं निघतं.

मोजायचं काय? पाणीपातळी, पीएच, क्षारांसाठी विद्युतवाहकता, बायकार्बोनेट, कॅल्शियम, क्लोराइड, नायट्रेट. वायू झिरपला तर पीएच उतरतो आणि बायकार्बोनेट, कॅल्शियम चढतात. नुसता नायट्रेट चढला तर संशय खताकडे किंवा सांडपाण्याकडे जातो. पीएच जागेवरच घ्या. बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्यातला वायू उडतो, पीएच वर सरकतो आणि गळती असली तरी दिसत नाही. मोटर आधी पाच-दहा मिनिटं चालू द्या, बाटली काठोकाठ भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. दोन नमुने घ्या, एक प्रयोगशाळेला आणि एक सील करून मालकाकडे. साठवलेला नमुना बदलतो, म्हणून मालकाला त्याच आठवड्यात दुसरीकडे तपासायचा असेल तर खर्च कंपनीनं द्यावा. निकालाचा कागद मराठीत, मालकाच्या हातात. व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ धरू नका.

भूकंपाच्या प्रश्नाला हसणं

30 सप्टेंबर 1993 ची किल्लारी इथं कुणी विसरलेलं नाही, आणि कोयनेचा 1967 चा भूकंप धरणाच्या पाण्याशी जोडला जातो हेही लोक वाचून आहेत. ‘याचा काही संबंध नाही’ म्हणणारा अधिकारी तिथंच पत घालवतो. आइसलँडमध्ये हेलिशेइदीजवळ 2011 मध्ये भूऔष्णिक केंद्राचं पाणी परत जमिनीत सोडताना 4 च्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले होते, हे स्वतःहून सांगा. मग सांगायचं ते एवढंच: भूकंपमापक पंप सुरू होण्याआधी किती महिने बसतील, किती तीव्रतेला दाब कमी होईल, कितीला पंप बंद होईल आणि बंद करायचा अधिकार कुणाचा. तो अधिकार फक्त कारखान्याच्या मॅनेजरकडे असेल तर उत्तर अपुरं आहे.

‘काहीच धोका नाही’ म्हणणं

हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून ओढ्यात, विहिरीत, तळघरात साचतो. अमेरिकेत मिसिसिपीतल्या सटार्शियाजवळ फेब्रुवारी 2020 मध्ये पावसानं जमीन खचून पाइपलाइन फुटली. 45 जण रुग्णालयात गेले, दोनशेच्या आसपास लोक हलवावे लागले, प्राणवायूअभावी गाड्या बंद पडल्या. सराव घेताना हेच शिकवा: उंचावर आणि वाऱ्याला आडवं चालत निघा, गाडीच्या भरवशावर राहू नका. आणि विहिरीत दिवा सोडून बघायची रीत इथं पुरत नाही. 4 टक्के वायू जिवाला धोक्याचा, पण त्यात दिवा जळत राहतो. मीटरच हवा, आणि तो ग्रामपंचायतीत व अग्निशमन दलाकडे हवा.

सरपंच म्हणजे गाव धरणं

अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या कित्येक घरांत कानडी बोलली जाते, शहरात तेलुगू आणि उर्दूही. नुसती मराठी पत्रकं अर्धवट पोचतात. गळीत हंगामात दुपारची सभा ठेवली तर शेतकरी येणार नाही, जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत तर कुणीच नाही. महिलांची सभा वेगळी घ्या. बोअर मारणाऱ्या गाडीवाल्यांना बोलवा. कुठं किती फुटांवर पाणी लागतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. मंडपाला, मंदिराला देणगी मात्र निर्णय होईपर्यंत अजिबात नको. चांगल्या मनानं दिली तरी तिला लाच म्हणतात.

सभा उधळली, आता काय

स्टेजवरून उत्तरं देणं थांबवा. प्रश्न लिहून घ्या, वाचून दाखवा, आठ दिवसांत लेखी उत्तरं ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. ज्याचं उत्तर नाही तिथं ‘अजून मोजलेलं नाही, अमुक महिन्यात कळेल’ असं लिहा. विहिरीची तक्रार आली तर दोन दिवसांत माणूस जागेवर गेला पाहिजे, जुन्या नोंदीचा कागद घेऊनच.

शेवटी एक प्रश्न हमखास येतो: कारखाना विकला, भाड्यानं गेला किंवा बंद पडला तर खालच्या वायूचं बघणार कोण? इथल्या लोकांनी कारखान्यांचे मालक बदलताना पाहिलेत. अमेरिकेच्या नियमांत इंजेक्शन थांबल्यावरही साधारणपणे 50 वर्षं देखरेख धरलेली आहे. तुमच्या करारात देखरेखीचा पैसा कारखान्याच्या हिशेबाबाहेरच्या वेगळ्या खात्यात आधीच जमा होतो का, आणि त्यावर ग्रामपंचायतीची सही आहे का, हे पहिल्या सभेच्या आधी ठरवा.