कागदाची कंपनी समजून घ्यायची तर आधी मिल शोधा: स्टोरा एन्सोचं उदाहरण

माझं काम कागद-खरेदीचं. या कामात नवीन आलेली मुलं विचारतात की एवढ्या मोठ्या कंपनीचा अभ्यास सुरू कुठून करायचा. मी सांगते, अध्यक्षांचं मनोगत राहू द्या, आधी मिलची यादी काढा. कंपन्या एकमेकींत विलीन होतात, पाट्या बदलतात, पण मिल नदीकाठी जिथे उभी राहिली तिथेच राहते.

स्टोरा एन्सो घ्या, स्वीडन आणि फिनलंडमधल्या दोन जुन्या कंपन्यांतून झालेली कागद आणि पॅकेजिंगची कंपनी. पानावर दोन रकाने आखा, एक स्वीडनचा आणि एक फिनलंडचा. स्वीडनची पहिली नोंद १२८८ ची आहे: फालुनच्या तांब्याच्या खाणीतला आठवा हिस्सा एका बिशपकडे आल्याचा दस्तऐवज. तांब्याची कंपनी कागदात आली कशी, हे इथे थांबून बघाच. खाणीत खडक तडकवायला त्यावर जाळ करत, आणि धातू गाळायला कोळसा लागे. म्हणजे जंगलाशिवाय खाण चालणारच नव्हती. पुढे तांब्याचं महत्त्व ओसरलं, जंगल आणि नदी मात्र हाताशी होती. १९०० मध्ये क्वार्नस्वेडेनची कागद मिल सुरू झाली. खाण बंद पडली ती १९९२ मध्ये. फिनलंडच्या रकान्यात १८७२ लिहा: कोटका बंदरात नॉर्वेच्या हान्स गुटझाइटची लाकूड कापायची मिल. १९१८ मध्ये फिनलंड सरकारने त्या कंपनीत बहुमताचा हिस्सा घेतला. १९९८ मध्ये दोन्ही रकाने जुळले: स्वीडनची स्टोरा आणि फिनलंडची एन्सो एक झाल्या.

आता प्रत्येक मिलपुढे तीन गोष्टी लिहा: लाकूड कुठलं, पल्प म्हणजे कागदाचा लगदा कसा करतात, बाहेर काय पडतं. मधली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. क्राफ्ट पद्धतीत लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडमध्ये शिजवतात. लाकडातले धागे चिकटवून ठेवणारं लिग्निन विरघळून जातं, धागा मजबूत राहतो, पण हाती पल्प येतो लाकडाच्या साधारण निम्माच. उरलेलं काळं द्रावण रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज करतात, रसायनंही परत मिळवतात. यांत्रिक पद्धतीत लाकूड नुसतं दळतात. जवळजवळ सगळं वापरात येतं, पण वीज प्रचंड लागते, आणि लिग्निन आत राहिल्यामुळे कागद उन्हात पिवळा पडतो.

हे हाताने बघता येतं. औषधाचं किंवा सौंदर्यप्रसाधनाचं एखादं खोकं घ्या, कोपरा भिजवा आणि थर सावकाश सोलून काढा. बऱ्याच खोक्यांत बाहेरचे थर पांढरे आणि घट्ट असतात, तो क्राफ्ट पल्प. मधला पिवळसर, भुसभुशीत असतो, तो यांत्रिक. जाडी मधल्या थराने येते, ताकद बाहेरच्यांनी. हे एकदा बघितलं की अहवालातला ‘पॅकेजिंग बोर्ड’ हा शब्द कोरडा राहत नाही.

ही यादी झाली की बंद पडलेल्या मिलचा अर्थ लागतो. क्वार्नस्वेडेन आणि फिनलंडमधली वेइत्सिलुओतो, दोन्ही मिलमध्ये २०२१ मध्ये उत्पादन थांबलं. दोन्ही छपाई-लेखनाच्या कागदाच्या, आणि युरोपात त्याची मागणी वर्षानुवर्षं घटत होती. फिनलंडमधल्याच औलूच्या मिलने मात्र कागद सोडून पॅकेजिंगची वाट धरली. कंपनीने विकून टाकलेल्या मिलची यादीही ठेवा: अमेरिकेतली कन्सॉलिडेटेड पेपर्स २००० मध्ये घेतली आणि २००७ मध्ये विकली.

शेवटचा रकाना जमिनीचा. तो मुलं टाळतात आणि मी हट्टाने भरून घेते. उत्तरेकडच्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाला तोडणीजोगं व्हायला कित्येक दशकं लागतात, ब्राझीलमधला निलगिरी सात-एक वर्षांत तयार होतो. म्हणून ब्राझीलमध्ये वेरासेल आणि उरुग्वेमध्ये मोंतेस देल प्लाता या पल्पच्या मिल आहेत. दोन्हींत कंपनीची भागी निम्मी, तेव्हा उत्पादनाचा आकडा पूर्ण मिलचा आहे की निम्म्या वाट्याचा, हे आधी तपासा. मग लागवडीची जमीन कोणाच्या नावावर आहे आणि तिच्यावर कोणी हक्क सांगितला आहे, तेही लिहा. वेरासेलच्या जमिनीवर भूमिहीन शेतमजुरांच्या चळवळीने अनेकदा ठाण मांडलं. कंपनीचं म्हणणं आणि चळवळीचं म्हणणं, दोन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी उतरवा.