पायाच्या नसा ब्लॉक झाल्यात? ऑपरेशनआधी पेशंटच्या अंगात किती जोर उरलाय ते घरी असं बघा

बाबा रात्री उजवा पाय कॉटवरून खाली लोंबता सोडून झोपायचे, आम्हाला वाटायचं सवय असेल. पाय खाली सोडला की रक्त जरा उतरतं आणि ठणका कमी होतो हे खूप उशिरा कळलं, तोवर अंगठ्याच्या टोकाला काळा डाग आला होता. एबीआय, म्हणजे घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी, ०.३८ आला. ०.९ च्या खाली गेला की ब्लॉकेज धरतात, ०.४ च्या खाली म्हणजे गंभीर. (शुगरवाल्यांच्या नसा कडक झालेल्या असतात त्यामुळे हा आकडा कधीकधी उगाच चांगला दिसतो, त्यांच्या पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघायला सांगा.)

आम्ही सगळे अँजिओग्राफीच्या रिपोर्टमध्येच अडकलो, बायपास (पायातलीच शीर काढून ब्लॉकेजला वळसा देणारी रक्ताची नवी वाट) की प्लास्टी (फुग्याने नस आतून उघडणं), नस उघडेल की नाही. माणूस किती खचलाय ते कोणी बघितलंच नाही. आणि पाय राहील का, जीव वाचेल का, पेशंट परत स्वतःच्या घरी येऊन चालेल का, हे त्यावर खूप अवलंबून असतं. डॉक्टर याला फ्रेल्टी म्हणतात. ती वयावर जात नाही, ऐंशीची आजी काटक असते आणि पासष्टीचा माणूस पार गळालेला असतो.

२००१ मध्ये अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी पाच खुणा मांडल्या, त्यातल्या तीन असल्या तर माणूस फ्रेल. प्रयत्न न करता वर्षात साधारण साडेचार किलो वजन उतरणं, सतत थकवा, हाताची पकड ढिली, चाल मंद, हालचाल कमी. वजनकाटा नसला तरी शर्टाची कॉलर बघा, बाबांच्या गळ्यात दोन बोटं सहज जायला लागली होती. चालायला चार मीटर जागा मोजा आणि नेहमीच्या वेगाने चालायला सांगा, पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंद. जखम असेल किंवा तोल जात असेल तर हे अजिबात करू नका. आणि नस ब्लॉक असलेला माणूस पाय दुखतो म्हणूनही हळू चालतो, म्हणून मी हाताला जास्त महत्त्व देतो: ओला टॉवेल पिळता येतो का, बाटलीचं झाकण उघडतं का, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का.

हे सगळं कागदावर लिहून सर्जनला दाखवा आणि सरळ विचारा, यांच्या तब्येतीला मोठं बायपास झेपेल का, की जागा बधिर करून प्लास्टी बरी? पायाची स्वतःची शीर चांगली असेल आणि माणूस दणकट असेल तर बायपासचा फायदा टिकतो, पण पेशंट थकलेला असेल तर हिशोबच बदलतो. फ्रेल आहे म्हणून उपचार नाकारायचे असं मात्र कोणी म्हणालं तर दुसरं ओपिनियन घ्या.

ताकद भरायची म्हणून गँगरीन झालेल्या पायाला महिनाभर थांबवू नका, जे करायचं ते उपचारासोबतच. रोज किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला ६० ग्रॅम. अंडी, पनीर, दही, मुगाचं धिरडं, जे गिळवेल ते, पण किडनीचा त्रास असेल तर आधी विचारा. बसल्या बसल्या हातांचे व्यायाम. बिडी-सिगारेट आणि तंबाखू आजपासून बंद, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवायच्या नाहीत. थंड पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नका, संवेदना कमी असते आणि भाजलेलं कळत पण नाही.

ऑपरेशननंतर म्हातारी माणसं रात्री बरळतात, ओळखत नाहीत, हे फ्रेल पेशंटमध्ये जास्त होतं. चष्मा, कवळी, कानाचं मशीन जवळ ठेवा, घरचं कोणीतरी उशाशी बसा, आणि डॉक्टर हो म्हणाले की लगेच खुर्चीत बसवा. पाय अचानक पांढरा, गार, बधिर पडला तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी गाडी काढा.