रिमोट डेस्कटॉप बंद केला की टेस्ट पडतात: माझा अनुभव

माझ्या टेस्ट म्हणजे स्क्रीनवर आपोआप क्लिक करून सॉफ्टवेअर तपासणारे प्रोग्राम; त्या दूरच्या विंडोज मशीनवर चालतात आणि मी रिमोट डेस्कटॉपने तिथे जोडला जातो. समोर बसून पाहिलं की सगळ्या टेस्ट पास. रिमोटची खिडकी बंद करून निघालो की क्लिक लागत नाहीत, स्क्रीनशॉट काळाकुट्ट. वेटिंग वाढवलं, स्क्रीनसेव्हर काढला, फरक शून्य. चार रात्री गेल्या.

कारण साधं निघालं: डिसकनेक्ट झालेल्या सेशनमध्ये (म्हणजे आपण लॉगिन करून उघडलेल्या डेस्कटॉपमध्ये) विंडोज स्क्रीन रंगवतच नाही.

आता आधी स्लीप आणि ऑटो-लॉक बंद करतो. मग ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘क्वेरी सेशन’ चालवून आपल्या सेशनचा आयडी (क्रमांक) बघतो. माझा 2 होता. त्यानंतर ‘टीएसकॉन 2 /डेस्ट:कन्सोल’ (टाइप अर्थातच इंग्रजीत); ही कमांड सेशन मशीनच्या स्वतःच्या स्क्रीनवर हलवते. रिमोट आपोआप तुटतो, डेस्कटॉप मशीनवर उघडाच राहतो. अगदी उघडा, म्हणून खातं फक्त टेस्टिंगचंच ठेवा. रिझोल्यूशन यानंतर बदलू शकतं; टेस्टच्या सुरुवातीलाच तपासा.