मधोमध ओल, कडेला कोरडं: कॅरोलायनाच्या किनारी मैदानात माती शिकायला येणाऱ्यांसाठी

राहुरी, परभणी, अकोला नाहीतर दापोलीहून मृदाशास्त्र शिकून नॉर्थ किंवा साऊथ कॅरोलायनात एमएसला येणारं कुणी ना कुणी दरवर्षी मला मेसेज करतं. प्रश्न ठरलेले असतात: फंडिंग, गाईड, खोली, थंडीचे कपडे. मातीबद्दल कुणी विचारत नाही, कारण माती आपल्याला येते असं सगळे धरून चालतात. मीही तसंच धरून आले होते. तेव्हा फंडिंगचं दुसऱ्या कुणाला विचारा, मी मातीचंच सांगते.

पहिली गोष्ट, इथे मुरूम लागायची वाट बघू नका. रॅले, कोलंबिया, ऑगस्टा ही शहरं साधारण ज्या रेषेवर आहेत तिला फॉल लाइन म्हणतात. तिच्या पश्चिमेला खडकावर तयार झालेली लाल माती आणि पूर्वेला थेट अटलांटिकपर्यंत मैदान. समुद्र कितीतरी वेळा आत आला आणि मागे हटला, त्याने आणि नद्यांनी टाकलेली वाळू, पोयटा आणि चिकणमाती म्हणजे हे मैदान. समुद्राकडे जाल तशा पायऱ्या उतरत जातात आणि प्रत्येक खालची पायरी वरच्यापेक्षा तरुण. ऑगर (माती काढायचा हाताचा गिरमिट) खाली जातच राहतो. आपल्याकडे दोन-तीन फुटांवर मुरमाला टक्कर लागते आणि प्रोफाइलचं, म्हणजे वरपासून खालपर्यंतच्या थरांचं, वर्णन आपोआप संपतं. इथे कुठे थांबायचं ते आपणच ठरवायचं.

सारखे थर असलेल्या मातीच्या प्रकाराला मालिका म्हणतात, आणि इथली सगळ्यात ओळखीची मालिका म्हणजे नॉरफोक. वर सुमारे वीत-सव्वा वीत नांगरटीचा करडा-तपकिरी थर, एपी. पोत पोयटायुक्त वाळूचा. त्याखाली ई थर, फिकट पिवळसर, तितकाच वाळूचा. साधारण ३५ सेंटीमीटरच्या आसपास बीटी, म्हणजे चिकणमाती वाढलेला थर, सुरू होतो: पिवळा-तपकिरी, मनसेलच्या (मातीचे रंग जुळवायच्या पुस्तकाच्या) पानावर १० वायआर ५/८ च्या जवळपास, वालुकामय चिकण पोयटा, आणि हा दीड मीटरच्याही खाली जातो. वरून वाळू आणि खाली चिकणमाती दिसली की नवखा माणूस म्हणतो, दोन वेगळ्या वेळी पडलेला गाळ आहे. काही ठिकाणी खरंच तसं असतं. पण बहुतेक ठिकाणी वरच्या थरातली चिकणमाती पाण्याबरोबर खाली उतरून बीटीमध्ये बसलेली असते. पुरावा बघायचा तर दहापट भिंग लागतं. ई मधली चिमूटभर माती तळहातावर घ्या: वाळूचे कण धुतलेल्या साबुदाण्यासारखे सुटे आणि उघडे. आता बीटीमधलं ढेकूळ हातानेच फोडा, चाकूने कापू नका. कापलं की पृष्ठभाग माखतो आणि काही दिसत नाही. फुटलेल्या बाजूवर कणांना पिवळा लेप दिसेल आणि दोन कणांच्या मध्ये चिकणमातीचे बारीक पूल. हे पूल एकदा दिसले की थर कुठे बदलतो ते शोधावं लागत नाही.

पोत हाताने ओळखायला शिकताना आपली बोटं आपल्याला दगा देतात. काळ्या मातीत पन्नास-साठ टक्के चिकणमातीची सवय झालेल्या अंगठ्याला इथलं सगळंच वाळू वाटतं. मग २८ टक्के चिकणमातीचा थर वहीत ‘वालुकामय पोयटा’ म्हणून पडतो. त्याच्यावर मग फॅमिली (वर्गीकरणातला मालिकेच्या वरचा गट) चुकते, कारण बारीक पोयटायुक्त गटाची खालची हद्द १८ टक्के आहे आणि वालुकामय चिकण पोयट्याची सुरुवात २० ला होते. उपाय एकच. प्रयोगशाळेत पोत मोजून झालेले नमुने डब्यांत भरून ठेवा आणि रोज दोन-चार भिजवून अंगठा आणि बोटात दाबत पट्टी काढा. पट्टीच निघाली नाही तर पोयटायुक्त वाळू. अडीच ते पाच सेंटीमीटरवर तुटली आणि हाताला खरखर लागली तर वालुकामय चिकण पोयटा. फोटोवरून पोत सांगणारी ॲप्स फोनवर घेऊन हिंडणारे खूप भेटतील. मला त्यांचा राग येतो. पोत बोटांत असतो, कॅमेऱ्यात नाही.

रसायनाचं थोडक्यात: घरी जे शिकलो त्याच्या उलट धरा. आपल्याकडे सामू आठच्या वर आणि चुनखडी फुकटात. इथे चुना विकत आणून टाकायचा, नाहीतर सामू साडेपाचच्या खालीच. खालच्या थरातलं विनिमयक्षम ॲल्युमिनियम मुळांची टोकं खुरटवतं. चिकणमाती बहुतेक केओलिनाइट या खनिजाची, त्यामुळे अन्नद्रव्यं धरून ठेवायची ताकद जेमतेम. बेस सॅच्युरेशन (मातीने धरलेल्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमसारख्यांचा वाटा) खोलवर ३५ टक्क्यांच्या खाली, म्हणूनच या जमिनी अमेरिकी वर्गीकरणात अल्टिसोल. वर्षाला अकराशे-बाराशे मिलिमीटर पाऊस पडूनही दहा-बारा दिवस उघडीप झाली की मका माना टाकतो, कारण वरची वाळू पाणी धरतच नाही. दापोलीकरांना एक गोष्ट मात्र घरच्यासारखी वाटेल. जॉर्जियातल्या टिफ्टनसारख्या मालिकांमध्ये खाली लाल ठिपक्यांचं प्लिन्थाइट, म्हणजे लोहाने भरलेली माती, असतं. ते पुन्हा पुन्हा ओलं-कोरडं झालं की कायमचं कडक होतं. जांभ्याचं नातं सांगायला कुणी लागणार नाही.

आता मुख्य गोष्ट. ही नीट वाचा, कारण इथेच मी फसले आणि देशावरून आलेला जवळजवळ प्रत्येक जण इथेच फसतो.

महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही माहीत असतं: माथ्याला हलकी, मुरमाड जमीन, मधल्या उताराला मध्यम, ओढ्याकाठी भारी. पाणी माथ्यावरून निघून खाली साठतं. त्यामुळे निचरा हवा तर वर जा, ओल हवी तर ओढ्याकडे. हे इतकं अंगात मुरलेलं असतं की आपण ते गृहीतक आहे हेच विसरतो.

कॅरोलायनाच्या मैदानात हे उलटं आहे. दोन ओढ्यांच्या मध्ये कित्येक किलोमीटर रुंद, जवळजवळ सपाट पट्टा असतो, उतार दोन टक्क्यांच्या आत. या पट्ट्याचा मधला भाग सगळ्यात पाणथळ, आणि जिथून जमीन ओढ्याकडे उतरायला लागते ती कड सगळ्यात कोरडी. कारण साधं आहे. पडलेलं पाणी जमिनीतून आडवं ओढ्यापर्यंत जायला हवं. कडेजवळच्या पाण्याला ओढा जवळ, म्हणून भूजलपातळी तिथे झपकन खाली उतरते. मधल्या पाण्याला ओढा कोसभर लांब आणि उतार नावाला, म्हणून ते तिथेच बसून राहतं. डॅनियल्स आणि गॅम्बल यांनी १९६७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या अल्टिसोलमधला हा कडेचा परिणाम मांडला, आणि इथला प्रत्येक जुना सर्वेक्षक तो तोंडपाठ म्हणतो.

कडेपासून मध्याकडे चालत गेलात तर मालिकांची रांग अशी लागते: नॉरफोक, गोल्ड्सबोरो, लिंचबर्ग, रेन्स, आणि अगदी आत पँटेगो. ओल्या मोसमात पाणी किती खोलीवर असतं ते बघा. नॉरफोकमध्ये १२० ते १८० सेंटीमीटर, गोल्ड्सबोरोत ६० ते ९०, लिंचबर्गमध्ये १५ ते ४५, रेन्समध्ये पृष्ठभागापासून ३० च्या आत. चालताना मात्र तुम्हाला चढ-उतार जाणवणारही नाही. वीतभर उंचीचा फरक, आणि एका टोकाला तंबाखू, रताळी आणि भुईमूग, दुसऱ्या टोकाला चर खणल्याशिवाय काही येत नाही.

वर आणखी एक घोळ. पँटेगोचा वरचा थर जाड आणि काळा असतो. आपल्या डोक्यात काळी म्हणजे कसदार, भारी, ओल धरणारी. आपली काळी काळी असते तरी तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही आत. इथली काळी आहे ती सेंद्रिय पदार्थामुळे, आणि तो साठलाय कारण पाण्याने गुदमरलेल्या मातीत तो कुजत नाही. म्हणजे काळा रंग दिसला की इथे कसाचा अंदाज बांधायच्या आधी ‘पाणी किती वर येतं’ हा प्रश्न विचारायचा.

आणि हे सगळं ऑगस्टमध्ये खड्डा खणून कळत नाही. का, ते सांगते. आपल्याकडे विहिरीचं पाणी पावसाळ्यात चढतं आणि उन्हाळ्यात तळ गाठतं, पावसाच्या मागोमाग. इथे पाऊस बाराही महिने पडतो, आणि जास्त पडतो तो जुलै ते सप्टेंबरमध्ये. तरीही भूजल सगळ्यात वर असतं ते जानेवारी ते मार्चच्या सुमाराला. उन्हाळ्यात झाडं आणि ऊन पावसापेक्षा जास्त पाणी ओढून घेतात, हिवाळ्यात ओढणारं कुणी नसतं. तुम्ही सेमिस्टर सुरू व्हायच्या उत्साहात ऑगस्टमध्ये मध्यभागी खड्डा घेता, तो मीटरभर कोरडा निघतो, वहीत ‘निचरा उत्तम’ लिहिता. फेब्रुवारीत तिथेच बूट रुततात.

म्हणून खड्ड्यातल्या पाण्यावर विश्वास ठेवू नका, रंगावर ठेवा. पाण्याखाली माती जास्त काळ राहिली की लोह विरघळून निघून जातं आणि करडे डाग उरतात, मनसेलमध्ये क्रोमा (रंगाचा गडदपणा नव्हे, भडकपणा) २ किंवा कमी. शेजारीच मुळांच्या वाटांवर गंजासारखे तांबूस डाग दिसले तर शंकाच नको. हे बीटीमध्ये शोधायचं. ई थर फिकट असतो तो कण उघडे पडल्यामुळे, नुसत्या फिकटपणावरून त्याला ओला ठरवू नका. दुसऱ्या बाजूने, जिथे शेतकऱ्यांनी जुने चर काढलेत तिथे पाणी उतरलेलं असतं पण करडा रंग तसाच राहतो. म्हणजे रंग कधीकाळची ओल सांगतो. तेवढ्यासाठी आजूबाजूला चर आहेत का हे आधी बघायचं, मग मनसेल उघडायचं. कडेकडे जाताना करडा, मग करड्या ठिपक्यांचा पिवळा, मग पिवळा, आणि अगदी टोकाला लालसर, ही रांग स्वतःच्या डोळ्यांनी एकदा बघाच. एका ओळीत ऑगर मारत चाला. त्या एका दिवसाने जे कळतं ते मला पूर्ण सेमिस्टरच्या स्लाइड्सनी कळलं नव्हतं.

घाबरू नका. ही गोष्ट अवघड नाही, फक्त जुनी सवय सोडायला वेळ लागतो. आणि ज्याला दख्खनची जमीन येते त्याला ‘पाणी कुठून कुठे जातं’ हा प्रश्न विचारायची सवय आधीच असते. इथल्या पुष्कळ मुलांना तीही नसते.

थीसिस पिकांवर असेल तर ई थराकडे लक्ष ठेवा. वाळूचे लहानमोठे कण एकमेकांत इतके घट्ट बसतात की घनता घन सेंटीमीटरला १.७ ग्रॅमच्या पुढे जाते आणि मुळं आडवी वळतात. शेतकरी ओळीखाली सबसॉयलर (खोल जाणारा फाळ) घालून तो फोडतात, आणि पाऊस पडला की तो पुन्हा बसतो. म्हणून बरेच जण दरवर्षी फोडतात. पेनेट्रोमीटरचे (दांडी खुपसून मातीचा कडकपणा मोजायच्या साधनाचे) आकडे घेताना ओलावा सोबत मोजलाच पाहिजे: हाच थर ओला असताना लोण्यासारखा आत जाऊ देतो आणि सुकला की दांडी वाकवतो. ओलाव्याशिवायचा आकडा गाईडला दाखवूच नका.

गाईडबद्दल विचारलंतच तर: पेपरांची यादी बघा, पण त्याचे बूटही बघा. चिखल नसलेल्या बुटांचा गाईड तुम्हाला आकडेवारी शिकवेल, माती नाही. मला माती शिकवली ती एका निवृत्त सर्वेक्षकाने, ज्याला माझं नाव शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही. असा माणूस शोधा. वेब सॉइल सर्व्हे हा मातीचा सरकारी ऑनलाइन नकाशा जरूर उघडा, पण नकाशावर ‘नॉरफोक’ लिहिलेल्या तुकड्यात गोल्ड्सबोरोही असणार आणि कुठे लिंचबर्गही, हे लक्षात ठेवा. नकाशा बघून वर्णन लिहिणारे सीनियर भेटतील, त्यांचे जुने रिपोर्ट कॉपी करायला देतील. घेऊ नका. पकडले जाल म्हणून नव्हे, तुमची बोटं कधीच तयार होणार नाहीत म्हणून.

नोकरीचं कडवट सत्य आताच ऐका. मातीचा नकाशा बनवणाऱ्या केंद्र सरकारी नोकऱ्या जवळपास सगळ्या अमेरिकी नागरिकांसाठीच आहेत. व्हिसावर असलेल्यांना उरतात त्या सल्लागार कंपन्या: सेप्टिक टाकीचं पाणी मुरवायला जागा योग्य आहे का ते तपासणं, पाणथळ जमिनींच्या हद्दी आखणं. काम चांगलं आहे. सेप्टिकच्या तपासणीत तर रोज हाच प्रश्न असतो, पाणी कुठवर चढतं. पण छोट्या कंपन्या व्हिसाच्या कटकटीत पडायला नाखूश असतात, हे अर्ज करण्याआधी विचारा, मुलाखतीनंतर नको. नॉर्थ कॅरोलायनात मृदाशास्त्रज्ञाचा राज्याचा परवाना लागतो, त्यासाठी मृदाशास्त्राचे नेमके किती क्रेडिट लागतात ते पहिल्याच सेमिस्टरमध्ये बघून विषय निवडा. सॉइल जजिंगच्या (खड्ड्यात उतरून माती ओळखायच्या विद्यार्थी स्पर्धेच्या) टीममध्ये मिळाली तर जागा घ्या, बक्षिसासाठी नाही, अनोळखी खड्ड्यात उतरायच्या सवयीसाठी. आणि खड्डा पाच फुटांहून खोल असेल तर बाजूंना आधार लावल्याशिवाय आत पाय टाकू नका. वरची वाळू कोसळताना आवाज करत नाही. गोचीड आणि लाल मुंग्यांचं वेगळं सांगत नाही, पायमोजे पँटवर ओढून घ्या.